विश्लेषण : एका रात्रीत ‘शंभर वर्षांचे’ होणारे पितळ! रंगावरून भांड्याचे वय कळते का?

घंगाळ, समई, पानदान, लामणदिवा, अडकित्ता... स्टील आले तेव्हा घरोघरी जे पितळ मोडीत गेले, तेच आता दिवाणखान्यात परतले आहे. हॉटेल असो, फार्महाऊस असो की फ्लॅटमधला एखादा कोपरा, ‘वाड्याचा लूक’ हवा असेल तर पितळ लागतेच. पण नवे पितळ पिवळेधमक चकाकते आणि अनेकांना नेमकी तीच चकाकी नको असते. म्हणून नव्या वस्तूला घरच्या घरी काळपट, तपकिरी किंवा हिरवट रूप देण्याच्या युक्त्या मोबाइलवर फिरत असतात. हौस म्हणून त्यात काही वावगे नाही. प्रश्न निर्माण होतो तो हाच रंग ‘वय’ म्हणून विकला जाऊ लागल्यावर. एका रात्रीत आणता येणाऱ्या रंगासाठी ग्राहक किती जादा पैसे मोजतो, त्यात आरोग्याचा धोका कुठे आहे आणि कायदा काय सांगतो, हे त्यामुळे समजून घ्यायला हवे. रंगावर विसंबू नये याचे सर्वांत मोठे उदाहरणही अहिल्यानगर जिल्ह्यातच, प्रवरेच्या काठी सापडलेले आहे.

पितळ काळे किंवा हिरवे का पडते?

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. रोजच्या वापरातल्या पितळेत साधारण ६० ते ७० टक्के तांबे आणि उरलेले जस्त असते. (कांसे वेगळे. त्यात तांब्यासोबत कथील असते. बाजारात ही दोन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात.) रंग बदलतो तो मुख्यतः तांब्यामुळे. हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला की पृष्ठभागावर आधी तांबूस-तपकिरी आणि पुढे काळसर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. हवेत गंधकयुक्त वायू असतील, तर काळे सल्फाइड तयार होते. चुलीच्या धुरात टांगलेला दिवा देव्हाऱ्यातल्या दिव्यापेक्षा लवकर काळवंडतो, त्याला धुराची काजळी आणि हे वायू दोन्ही कारणीभूत असतात. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड मिळून हिरवा कार्बोनेट बनवतात, तर समुद्राच्या खाऱ्या हवेत क्लोराइडचा हिरवा थर येतो. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला तेव्हा नव्या पैशासारखा तांबूस होता. तो पूर्ण हिरवा व्हायला काही दशके लागली.

या थराला इंग्रजीत ‘पॅटिना’ म्हणतात. नैसर्गिकरीत्या, सावकाश बसलेला घट्ट थर आतल्या धातूचे रक्षण करतो. म्हणूनच संग्रहालयात जुनी मूर्ती कधीच चकचकीत केलेली दिसत नाही.

मात्र हिरव्या रंगाचेही प्रकार आहेत. चिंच, लिंबू, ताक अशा आंबट पदार्थांनी जो हिरवा कळंक येतो, तो विषारी असतो. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी जुन्या तांब्या-कांशाच्या वस्तूवर ठिपक्यांनी उगवत असेल आणि पुसूनही परत येत असेल, तर तो क्लोराइडचा ‘रोग’ समजावा. दमट हवेत तो धातू आतून खात जातो.

घरी हा रंग कसा आणला जातो?

गूढ असे त्यात काही नाही. निसर्ग जी रासायनिक क्रिया वर्षानुवर्षे करतो, तीच दाट प्रमाणात, बंद डब्यात काही तासांत घडवायची. तरी बहुतेकांचा पहिला प्रयोग फसतो, कारण नव्या शोभेच्या वस्तूंवर कारखान्यातच पारदर्शक लॅकरचा थर दिलेला असतो. तो काढल्याशिवाय काहीही लावले तरी धातूपर्यंत पोहोचत नाही. अ‍ॅसिटोनने, म्हणजे साध्या भाषेत नेलपेंट रिमूव्हरने, तो उघड्या हवेत पुसून काढावा लागतो. मग साबणाने धुऊन तेलकटपणा घालवायचा आणि हातमोजे घालायचे. बोटांचे ठसेसुद्धा नंतर डागांच्या रूपाने दिसतात.

सर्वांत निरुपद्रवी पद्धत उकडलेल्या अंड्याची. गरम अंडी चिरून झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि वस्तू त्याच डब्यात, पण अंड्याला न टेकता. अंड्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो आणि धातू हळूहळू तपकिरी होतो. तांबे लवकर रंगते, पितळेला वेळ लागतो. काही तासांपासून एक दिवसापर्यंत थांबावे लागते आणि छटा हलकीच येते. ज्यांना स्वयंपाकघरात अंडे चालत नाही, ते व्हिनेगर आणि मिठाकडे वळतात. दोन्हींचे मिश्रण फवारून वस्तू वाळू द्यायची आणि हे चार-सहा वेळा करायचे, की हिरवट-निळी झाक दिसू लागते. दिसायला ती छान असते, पण मिठातले क्लोराइड धातूत राहिले तर गंजण्याची क्रिया थांबत नाही. त्यामुळे वस्तू भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करणे आणि वर मेणाचा हात देणे आवश्यक असते. कारागीर गंधक आणि पोटॅशचे संयुग वापरतात. त्याने दाट काळा-तपकिरी रंग मिनिटांत येतो. कोरीव कामाच्या खोबणीत हा काळा रंग ठेवून वरचा भाग घासून उजळवला, की बाजारातले प्रसिद्ध ‘अँटिक फिनिश’ तयार! मुरादाबाद, अलिगढहून येणाऱ्या मूर्ती आणि दिव्यांवर बहुधा असेच काहीतरी केलेले असते. विक्रेता ‘फिनिश’ हा शब्द उच्चारतो तोवर त्यात फसवणूक नाही.

नायट्रिक आम्ल किंवा संडास साफ करण्याचे आम्ल वापरण्याचे सल्लेही फिरत असतात. ते सरळ दुर्लक्षित करावेत. नायट्रिक आम्ल तांब्याला लागले की तपकिरी विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

अमोनियाने पितळ तडकते ते कसे?

हिरवा-निळा रंग झटपट हवा म्हणून अनेक जण वस्तू अमोनियाच्या वाफेत ठेवतात. रंग येतो, यात शंका नाही. पण या रसायनाचा आणि पितळेचा एक जुना, भारतातच घडलेला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याच्या लक्षात आले, की भारतात साठवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या पावसाळ्यात आपोआप तडकतात. ऋतूशी संबंध दिसला म्हणून या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. कारण उलगडायला १९२१ साल उजाडले. मूर आणि बेकिन्सेल या संशोधकांनी दाखवून दिले, की घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि नळी ओढून घडवताना धातूत राहिलेला ताण, या तिन्हींचा तो परिणाम होता. तबेल्याजवळ दारूगोळा ठेवण्याची किंमत लष्कर मोजत होते.

पत्रा दाबून किंवा ठोकून केलेल्या आजच्या पातळ पितळी तांब्यातही असा ताण असतोच. अमोनियाच्या वाफेत ठेवलेला असा तांब्या आज सुंदर दिसेल आणि काही दिवसांनी गळ्यापाशी केसाएवढी चीर देईल. ओतीव, जाड मूर्तीला हा धोका कमी असतो. अमोनिया आणि कपडे पांढरे करणारे ब्लीच मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून निघणारा वायू फुप्फुसांना इजा करतो.

रंगवलेले भांडे स्वयंपाकाला चालते का?

नाही. या एका मुद्द्यावर तडजोड नको. रासायनिक रंग दिलेले भांडे शोभेपुरतेच ठेवायचे. त्यात पाणीसुद्धा पिण्यासाठी भरायचे नाही.

खरोखर जुने पितळही कल्हईशिवाय धोक्याचे असते आणि ही बाब महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको. लहान मुलांचे यकृत निकामी करणारा ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ हा आजार एकेकाळी देशात अनेक बालकांचा बळी घेत असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनमधील डॉ. टॅनर यांनी सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जे संशोधन मांडले, त्यात बोट दाखवले होते ते पितळेच्या भांड्यात तापवलेल्या आणि साठवलेल्या दुधाकडे. तान्ह्या बाळाला लवकर वरचे दूध सुरू केले जाई आणि पितळेतले तांबे त्या दुधात उतरत असे. पुढे भांडी बदलली, पालकांना सल्ला मिळू लागला आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांतही नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातील अन्न खाण्यास अयोग्य मानले होते.

‘आजीच्या काळातील पितळेत शिजवा’ म्हणणाऱ्या जाहिराती ही गोष्ट सोयीस्कर विसरतात. आजीच्या काळात दारावर कल्हईवाला येत असे. आज तो शोधावा लागतो.

मग जुने आणि नवे ओळखायचे कसे?

रंग बाजूला ठेवून झीज पाहायची. माणसाने वर्षानुवर्षे वापरलेली वस्तू सगळीकडे सारखी झिजत नाही. कडी जिथे कानात फिरते तिथे भोक लांबट झालेले असते. घागरीचा तळ घासून पातळ झालेला असतो, परातीचा काठ एका बाजूला गुळगुळीत असतो, तर समईची वात लावण्याची जागा काजळून पुन्हा पुन्हा घासलेली असते. कृत्रिम जुनेपणात खोबणी काळ्या आणि उंचवटे उजळ असा एकसारखा हिशेब असतो. हात कधीच पोहोचणार नाही अशा तळाच्या आतल्या बाजूलाही तेवढीच ‘झीज’ दिसली, तर शंका घ्यावी. रिमूव्हरचा बोळा फिरवल्यावर काळपट रंग कापसावर आला, तर तो नुसता रंग आहे. मात्र बोळा स्वच्छ राहिला म्हणून वस्तू जुनी ठरत नाही, कारण रासायनिक थरही बोळ्याने निघत नाही.

घडणीकडे पाहावे. तांबटाने मठारलेल्या भांड्यावर हातोड्याचे ठोके असतात. ते ओळीत असले तरी प्रत्येक ठोका किंचित वेगळा पडतो. जुन्या मोठ्या भांड्यांत दोन भाग जोडल्याची झाळ दिसते. आत कल्हईचे अवशेष असतील, तर भांडे खरोखर चुलीवर चढलेले आहे. यंत्रावर फिरवून घडवलेल्या भांड्यावर एकसारखी बारीक वर्तुळे दिसतात.

भांड्यावर घातलेले नाव हा मराठी घरांतला सर्वांत बोलका पुरावा. कोणाच्या लग्नात कोणी दिले, हे ठोक्यांच्या अक्षरांत लिहिलेले असते आणि कधी सालही असते. इथेच एक गंमत होते. भांड्यावर १८५० हा आकडा दाखवून ‘पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे’ असे सांगितले जाते. पण ते साल शके असेल, तर त्यात ७८ मिळवावे लागतात. शके १८५० म्हणजे इसवी सन १९२८. एका फटक्यात भांडे ७८ वर्षांनी तरुण होते! अक्षरांच्या खोबणीतला धातू आसपासच्या रंगापेक्षा पिवळा दिसत असेल, तर नाव रंगानंतर कोरले आहे, हेही लक्षात ठेवावे.

‘हे सातवाहनकालीन पितळ आहे’ असा दावा असेल, तर रसायनशास्त्र मदतीला येते. धातुरूप जस्त मोठ्या प्रमाणावर गाळण्याची कला राजस्थानातील झावर येथे मध्ययुगात बहरली. त्याआधी जस्ताचे खनिज तांब्यासोबत तापवून पितळ केले जाई आणि त्या पद्धतीने जस्ताचे प्रमाण साधारण २८ टक्क्यांपुढे जात नाही. ३५-४० टक्के जस्त असलेली मूर्ती दोन हजार वर्षांची असणे म्हणूनच फार कठीण. सराफ सोने तपासायला वापरतात त्या क्ष-किरण यंत्राने याचा अंदाज घेता येतो. फक्त हे यंत्र पृष्ठभागच वाचते. आंबट पदार्थाने वरचे जस्त धुऊन गेले असेल, तर आकडा चुकीचा येतो.

दायमाबादच्या वस्तूंचा वाद काय सांगतो?

श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका ग्रामस्थाला जमीन खणताना चार धातुशिल्पे सापडली. दोन बैल जुंपलेला ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ आणि त्यात उभा सारथी, शिवाय रेडा, हत्ती आणि गेंडा. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. म. ना. देशपांडे, एस. आर. राव आणि नंतर तेथे विस्तृत उत्खनन करणारे एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांनी ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूच्या पृथक्करणावरून शंका काढली. शिल्पांत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक निघाले आणि त्या काळातील इतर ताम्रवस्तूंत असे आर्सेनिक मिसळल्याचे आढळत नव्हते. त्यामुळे ही शिल्पे बरीच नंतरची असू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते.

या वादात शिल्पांच्या रंगावरून कोणीही वय ठरवले नाही. वाद झाला तो धातूतील घटकांवर आणि वस्तू कोणत्या थरात, कशासोबत सापडली यावर. शिल्पे शास्त्रीय उत्खननात नव्हे, तर योगायोगाने खणताना मिळाली, ही त्यातली मुख्य अडचण होती. भारतातील अग्रगण्य पुरातत्त्वज्ञांना पृथक्करणाचे अहवाल समोर ठेवूनही जिथे एकमत करता आले नाही, तिथे रस्त्याकडेच्या दुकानातील ‘बघा ना, कसा रंग चढलाय’ या वाक्याला किती किंमत द्यायची, ते वाचकाने ठरवावे.

फसवणूक कुठवर जाते?

हजार-दोन हजारांचा दिवा पाच हजारांना घेतला, इथपर्यंतचे नुकसान सोसण्यासारखे असते. जुनाट दिसणाऱ्या भांड्यांचा खरा घात होतो तो ‘राइस पुलर’ नावाच्या प्रकारात. वीज पडलेले प्राचीन भांडे तांदळाचे दाणे ओढून घेते, त्यात अवकाश संशोधनाला लागणारा दुर्मीळ धातू आहे, परदेशी संस्था कोट्यवधी देतील, फक्त ‘चाचणीचा खर्च’ आधी भरा, अशी ही कथा असते. लोहचूर्ण लावलेले तांदूळ आणि लपवलेले चुंबक एवढ्यावर प्रयोग यशस्वी होतो. दिल्ली पोलिसांनी २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात पिता-पुत्रांना अटक केली होती. ‘नासा’ला भांडे विकण्याच्या नावाखाली एका व्यावसायिकाला सुमारे १ कोटी ४३ लाख रुपयांना गंडवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. या नाटकात नव्या भांड्यावर चढवलेला काळा-हिरवा थर मेकअपचे काम करतो.

नवी वस्तू जुनी म्हणून विकून पैसे उकळणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणूक ठरते. दिवा, समईसारख्या किरकोळ खरेदीत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी पावतीवर ‘शंभर वर्षे जुने’ असे लिहून घ्यायला हवे. आणि विक्रेता ते लिहून द्यायला तयार नसेल, तर सौदा करायचा की नाही याचे उत्तर तिथेच मिळते.

वस्तू खरोखर जुनी निघाली तर?

१९७२चा पुरावशेष कायदा शंभर वर्षे किंवा त्याहून जुन्या कलाकृतीला पुरावशेष मानतो. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, धातूच्या मूर्तींची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. बेकायदा निर्यातीला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद आहे. म्हणजे दुकानदाराचा ‘दीडशे वर्षांचे’ हा दावा खरा असेल, तर त्याच्याकडे परवाना आहे का, हा प्रश्न विचारायला हवा.

परदेशातील मुलांकडे आजीची समई पाठवणाऱ्या कुटुंबांना विमानतळावर याच कारणाने अडवले जाऊ शकते. नव्या, पण मुद्दाम जुनाट केलेल्या वस्तूबाबतही ही अडचण येते. खरेदीची पावती जवळ ठेवावी किंवा वस्तू पुरावशेष नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधीच घ्यावा.

घरातली वस्तू जुनी वाटत असेल, तर दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत ती चिंच, लिंबू किंवा पावडरने घासू नये. आंबट पदार्थ जस्त विरघळवतो आणि पितळेवर गुलाबी डाग पडतात. कोरीव अक्षरेही दरवर्षी थोडी थोडी पुसट होतात. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसणे पुरेसे आहे. आणि शेतात नांगराला काही लागले, तर १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची जमिनीत दडलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. वस्तू धुऊन, घासून नेऊ नये. तिला चिकटलेली माती आणि ती मिळाली ती नेमकी जागा, तज्ज्ञांना दोन्ही लागतात.